‘कितवी स्टेज?’ या प्रश्नाचं उत्तर नेमकं काय सांगतं : तोंडाच्या कॅन्सरच्या निमित्ताने

कॅन्सरचं निदान झालं की नातेवाइकांच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : “कितवी स्टेज?” उत्तर “चौथी” आलं की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग “काळजी घ्या” म्हणून फोन ठेवतो. त्याने मनात हिशेब करून टाकलेला असतो. चौथी म्हणजे शेवटची, शेवटची म्हणजे संपलं.

हा हिशेब बऱ्याचदा चुकीचा असतो. हिरडीजवळची गाठ जबड्याच्या हाडात शिरली, पण मानेत, फुप्फुसात, कुठेच काही सापडलं नाही, तरी ती चौथ्या स्टेजमध्येच धरली जाते. अशा रुग्णाचं ऑपरेशन बहुतेक वेळा आजार मुळापासून काढायच्या उद्देशानेच करतात. उलट थायरॉइडच्या नेहमी आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये रुग्णाचं वय ५५ पेक्षा कमी असेल, तर आजार फुप्फुसात पोहोचला असला तरी स्टेज दुसरीच्या वर जात नाही. म्हणजे हा आकडा सगळ्या अवयवांना एकाच पट्टीने मोजत नाही. तो काय मोजतो हे कळायला आधी पेशी काय करते ते पाहावं लागेल. उदाहरणासाठी तोंडाचाच कॅन्सर घेऊ, कारण तंबाखू, मशेरी आणि गुटख्यामुळे महाराष्ट्राला त्याची ओळख नको तितकी जवळून झालेली आहे.

गालाचं आतलं अस्तर पेशींच्या अनेक थरांचं असतं. सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी विभागतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी लाळेबरोबर, घासाबरोबर निघून जातात. दोन-तीन आठवड्यांत अस्तर नवं होतं. जेवताना गाल चावला गेला तरी जखम पटकन भरते, ती याचमुळे. खालच्या थराच्या बुडाशी एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. अस्तराच्या पेशींची हद्द तिथे संपते. त्याखाली रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या (म्हणजे ‘लिम्फ’ हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या), मज्जातंतू आणि स्नायू असतात. हा पापुद्रा लक्षात असू द्या. पुढचं बरंच काही पेशी त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे यावर ठरतं.

प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीला आपला सगळा डीएनए पुन्हा लिहून काढावा लागतो. एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आणि असे दोन संच. इतकं लिहिताना चुका होणारच. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. राहिलेल्यांपैकी बऱ्याच निरुपद्रवी जागी असतात. तंबाखू या हिशेबात दोन्ही बाजूंनी भर घालतो. पान वाळवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसमाइन नावाची रसायनं तयार होतात, ती शरीरात गेल्यावर डीएनएला चिकटतात आणि लिहिताना चूक व्हायची शक्यता वाढवतात. शिवाय चुना आणि तंबाखूने अस्तर सतत दुखावलं जातं, म्हणून ते भरून काढायला पेशींना जास्त वेळा विभागावं लागतं. जास्त विभाजनं, आणि प्रत्येक विभाजनात चुकीची जास्त शक्यता. तंबाखूची गोळी रोज त्याच गालफडात, त्याच जागी, वर्षानुवर्षं धरली जाते. भारतात तोंडाचा कॅन्सर गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत इतका आढळतो, तर पाश्चात्त्य देशांत तो जिभेवर आणि जिभेखाली जास्त दिसतो, यामागे हेच मुख्य कारण आहे.

“मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो” असं सांगणारे बरेच भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. सुपारीने अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल चिवट होतो, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासं होतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे कुठल्याही एसटी स्टँडवर खाली पाहिलं की कळतं.

एका चुकीने कॅन्सर होत नाही. पेशीच्या काही जनुकांचं काम विभाजनाला हुकूम देणं असतं. ती बिघडली तर हुकूम सुटतच राहतो. या जनुकांचं मूळ बाहेरून आलेल्या विषाणूत नसून आपल्याच निरोगी पेशींत असतं, हे मायकेल बिशप आणि हॅरोल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या प्रकारची जनुकं विभाजन थांबवतात. त्यांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची, आणि बहुधा दोन्ही निकामी झाल्याशिवाय पेशी मोकळी सुटत नाही. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचे आकडे मांडून हा तर्क केला. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं ते बऱ्याच वर्षांनी. मला हे काम फार आवडतं, कारण त्यात प्रयोगशाळेपेक्षा विचार जास्त आहे.

थांबवणाऱ्यांतलं सगळ्यात नावाजलेलं जनुक म्हणजे टीपी५३. डीएनए बिघडल्याची खबर लागली की त्यातून तयार होणारं प्रथिन विभाजन रोखून धरतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती जमण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं आढळतं. तोंडाच्या कॅन्सरमध्येही ते नेहमीचंच. पेशीचं हे स्वतःहून मरणं निसर्गाने मुद्दाम ठेवलेलं आहे. त्यासाठी पेशीत स्वतःचीच प्रथिनं कापणाऱ्या कॅस्पेज नावाच्या कात्र्या तयार असतात. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली जैववैद्यकीय जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र यांनी भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचा डीएनए वाचला. २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात वारंवार बिघडलेल्या जनुकांत टीपी५३ बरोबर कॅस्प८ हेही होतं. म्हणजे काही गाठींमध्ये थांबायचा हुकूमही गेलेला होता आणि मरायची एक कात्रीही.

एवढ्यानेही पेशी अमर होत नाही. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. दर विभाजनाला ते थोडे झिजतात आणि फार आखूड झाले की साधी पेशी विभागणं सोडते. कॅन्सरच्या बहुतेक पेशी टेलोमरेज हे विकर पुन्हा सुरू करून टोकं भरून घेतात. शरीरात ते एरवी मुख्यतः बीजपेशी आणि मूळपेशींतच काम करत असतं.

इथे एक साधं गणित करून पाहण्यासारखं आहे. एक पेशी दुप्पट होत गेली तर ३० वेळा दुप्पट झाल्यावर सुमारे १०० कोटी पेशी होतात. साधारण एक सेंटिमीटरची, ग्रॅमभर वजनाची गाठ. हाताला किंवा स्कॅनवर लागते ती इथपासून पुढे. आणखी फक्त १० वेळा दुप्पट झाली की वजन किलोच्या घरात जातं. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ नसते, पुष्कळ पेशी मरतही असतात. तरी मुद्दा टिकतो : आपल्याला गाठ दिसते तेव्हा तिचं बरंचसं आयुष्य होऊन गेलेलं असतं. “गेल्या महिन्यापर्यंत काहीच नव्हतं” हे रुग्णाच्या दृष्टीने खरं, पेशीच्या दृष्टीने नाही.

गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की आतल्या पेशींना प्राणवायू पोहोचत नाही. मग ती रासायनिक संदेश सोडून आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे फांद्या फुटायला लावते. जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जणांना ती पटली नव्हती. कॅन्सरच्या पेशी साखरही अधाशासारखी ओढतात. पेट स्कॅनचा पायाच तो आहे : किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात आणि ते कुठे जमा झालं ते पाहतात. यावरून “साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो” असं व्हॉट्सॲपवर फिरतं, पण शरीर रक्तातली साखर कायम राखतंच. गोड बंद करून गाठ वाळत नाही. रुग्णाचं वजन मात्र घटतं, आणि उपचार सोसायला ते वजन लागतं.

आता पुन्हा त्या पापुद्र्याकडे. बिघडलेल्या पेशी सुरुवातीला अस्तरातच गर्दी करतात. कधी पांढरा चट्टा दिसतो, कधी लाल. पांढऱ्यापेक्षा लाल जास्त संशयास्पद, पण प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही. अस्तराची पूर्ण जाडी बिघडली आणि पापुद्रा शाबूत राहिला, तर त्याला ‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी असलेला कॅन्सर म्हणतात. ही शून्यावी स्टेज. पापुद्र्याच्या अलीकडे रक्तवाहिन्या नाहीत की लसिकावाहिन्या नाहीत, त्यामुळे पेशींना बाहेर पडायला वाटच नसते.

पापुद्रा फुटला की परिस्थिती बदलते. पेशी तो विरघळवणारी विकरं सोडतात, शेजारच्या पेशींना धरून ठेवणारी बंधनं सैल करतात आणि सरपटत खाली उतरतात. तोंडातून निघालेल्या पेशींची नेहमीची वाट लसिकावाहिन्यांतून मानेतल्या लसिका गाठींकडे, म्हणजे लिम्फ नोड्सकडे, जाते. दाढ दुखते तेव्हा जबड्याखाली जे अवधाण येतं, त्याच या गाठी. फरक एवढाच की कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीकडे आपण दुर्लक्ष करतो. रक्तातून दूर गेलेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. ज्या टिकतात त्या कुठेही रुजत नाहीत. इंग्लिश डॉक्टर स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि आजार काही ठरावीक अवयवांतच जास्त जातो हे दाखवलं. तोंडाचा कॅन्सर दूर गेलाच तर सहसा फुप्फुसात जातो. तिथे तो फुप्फुसाचा कॅन्सर होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी तोंडाच्या अस्तराच्याच दिसतात आणि उपचारही त्याच आजाराचे करतात.

स्टेजचा आकडा मोजतो तो हाच प्रवास. पेशी किती खोल गेली, मानेतल्या गाठींपर्यंत गेली का, दूर गेली का. फ्रेंच डॉक्टर पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ च्या दरम्यान यासाठी टी, एन आणि एम या तीन अक्षरांची पद्धत बसवली. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका गाठी, एम म्हणजे दूरचा प्रसार. पद्धत अजून तीच आहे, नियम मात्र बदलत आले. तोंडाच्या कॅन्सरचे पुढचे नियम या पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या आठव्या आवृत्तीतले आहेत. ती २०१८ पासून सर्वत्र वापरात आली.

त्या आवृत्तीतला मोठा बदल खोलीचा होता. पूर्वी गाठ किती सेंटिमीटर पसरली हेच टीसाठी मुख्यतः पाहत. पण वर पसरलेली आणि उथळ असलेली गाठ, आणि वरून छोटी पण खोल उतरलेली गाठ, यांतली दुसरी जास्त घातक निघते. आता शेजारच्या निरोगी अस्तराच्या पापुद्र्याची पातळी धरून तिथून गाठीच्या तळापर्यंत, गवंडी ओळंबा सोडतो तशी सरळ खाली, खोली मोजतात. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर टी१. रुंदी तेवढीच, पण खोली ५ मिलिमीटरच्या वर गेली की टी२. ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा १० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर टी३. दोन्ही मर्यादा ओलांडल्या, जबड्याच्या हाडात शिरली किंवा गालाच्या बाहेरच्या त्वचेपर्यंत आली, की टी४. हिरडीच्या गाठीने दाताची खाच वरवर खाल्ली एवढ्यावर टी४ होत नाही, हाडात खरोखर शिरलेली असावी लागते. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये रेडिऑलॉजिस्ट हाडाबद्दल इतकं जपून लिहितात ते यासाठी.

मानेचा हिशेब जास्त नाजूक आहे. गाठीच्याच बाजूला, ३ सेंटिमीटरपर्यंतची एकच लसिका गाठ असेल तर एन१. अनेक असतील, मोठ्या असतील किंवा दुसऱ्या बाजूलाही असतील तर एन२. आणि एक गोष्ट आकारापेक्षाही भारी पडते : पेशी त्या लसिका गाठीचं कवच फोडून बाहेर आल्या आहेत का. बाहेरून तपासतानाच ते स्पष्ट दिसत असेल तर आकार काहीही असो, एन३.

मानेत काहीच हाताला लागत नसेल तर? छोट्या गाठीबरोबर मानेतल्या गाठीही काढायच्या, की वाट पाहायची आणि पुढे गाठ आलीच तर तेव्हा काढायची, यावर जगभरचे सर्जन अनेक वर्षं वाद घालत होते. उत्तर परळहून आलं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून प्रत्यक्ष तुलना केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. “मानेत काही नाही तर मान का कापताय?” हा नातेवाइकांचा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

एममध्ये दोनच शक्यता : शून्य किंवा एक.

या तिन्हींची बेरीज म्हणजे स्टेज. टी१ आणि बाकी शून्य असेल तर पहिली. टी२ आणि बाकी शून्य असेल तर दुसरी. टी३, किंवा त्याहून लहान गाठ पण एन१, असेल तर तिसरी. चौथीचे तीन भाग आहेत आणि सगळा गोंधळ तिथे होतो. हाडात किंवा त्वचेत शिरलेली गाठ, किंवा एन२, म्हणजे चौथी-ए. कवटीच्या तळाशी गेलेली किंवा मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला वेढलेली गाठ, किंवा एन३, म्हणजे चौथी-बी. दूरचा प्रसार असेल तरच चौथी-सी. या तिघांच्या उपचारांत प्रचंड अंतर आहे. ‘ए’मध्ये सहसा मोठं ऑपरेशन, मांडीच्या किंवा छातीच्या मांसाने गाल पुन्हा बांधणं आणि नंतर रेडिएशन. ‘बी’मध्ये ऑपरेशन होईल की नाही ते गाठ नेमकी कुठवर गेली यावर. ‘सी’मध्ये भर औषधांवर. तिथेही चित्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. गाठीने झोपवून ठेवलेल्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या करणारी निव्होलुमॅबसारखी औषधं आली. ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी औषध तोंडाने घ्यायच्या स्वस्त केमोच्या जोडीला देऊन पाहिलं. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. म्हणून “चौथी” एवढंच ऐकून फोन ठेवू नये, पुढचं अक्षर विचारावं.

बाकीच्या अवयवांचे नियम वेगळे. ब्लड कॅन्सरमध्ये पेशी आधीपासूनच रक्तात असतात, त्यामुळे ल्युकेमियाला टी-एन-एम लागूच पडत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आता संप्रेरकांचे आणि हर-२ या प्रथिनाचे रिपोर्टही स्टेज ठरवताना धरतात. थायरॉइडमध्ये वय येतं, ते वर आलंच.

स्टेज आणि ग्रेड यांचीही सरमिसळ होते. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मूळ पेशींपासून किती वेगळी दिसते. रिपोर्टवर ‘वेल डिफरन्शिएटेड’ लिहिलं असेल तर ती अजून अस्तराच्या पेशीसारखी दिसते, ‘पुअरली’ असेल तर ओळखूच येत नाही. ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. फाइल हातात धरून रडणाऱ्या घरच्यांना हे एक वाक्य वेळेवर सांगणारं कोणीतरी हवं असतं.

बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती गावोगाव आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, पण फार दुर्मीळ. बायोप्सीशिवाय गेलेले दोन महिने मात्र एखाद्या टी१चा टी२ करू शकतात.

स्टेज दोनदा ठरते. तपासणी आणि स्कॅनवरून ठरलेल्या स्टेजच्या आधी ‘क्लिनिकल’मधला इंग्रजी ‘सी’ लिहितात (चौथी-सीमधला ‘सी’ वेगळा), ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासून ठरलेल्या स्टेजच्या आधी ‘पॅथॉलॉजिकल’मधला ‘पी’. दोन्ही जुळतीलच असं नाही. स्कॅनमध्ये स्वच्छ दिसलेल्या मानेत पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्म पेशी सापडू शकतात. एकदा ठरलेली मूळ स्टेज पुढे बदलत नाही. दोन वर्षांनी आजार उलटला तरी नोंदीत “दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर, पुन्हा उद्भवलेला” असंच राहतं.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये स्टेजच्या खाली आणखी काही ओळी असतात, त्या कुणी वाचत नाही. कापलेल्या कडेपासून गाठ किती दूर होती, ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर बरं. पेशी मज्जातंतूला लपेटून पुढे सरकल्या होत्या का. रक्तवाहिनीत दिसल्या का. मानेतल्या किती गाठी काढल्या, त्यांतल्या किती बाधित निघाल्या आणि कुणाचं कवच फुटलं होतं का. कडेवर पेशी राहिल्या असतील किंवा कवच फुटलेलं असेल, तर रेडिएशनच्या जोडीला सिसप्लॅटिन हे केमोचं औषध देण्याचा विचार होतो. नुसत्या रेडिएशनपेक्षा या रुग्णांना त्याचा फायदा होतो, हे २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या चाचण्यांतून पुढे आलं. एकाच स्टेजचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असतात, एकाला केमो असते आणि दुसऱ्याला नसते, त्याचं कारण बऱ्याचदा या ओळींमध्ये असतं.